फहदचं आजोळ

खालांचे वडील कोण होते, या एका प्रश्नाला मला सौदीतल्या हुफूफमध्ये चार उत्तरं मिळाली, आणि चारही खुद्द खालांनीच दिलेली होती. सून नूराला त्यांनी सांगितलं होतं की वडील जंगलात कामाला होते. शेजारच्या बाईला सांगितलं, शेतकरी होते, गाई होत्या. मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ते बघताना एकदा म्हणाल्या, "माझे वडील घोडे पाळायचे." आणि मुलगा फहद लहानपणी आजोबांविषयी विचारायचा तेव्हा त्याला एकच उत्तर मिळायचं, "तुझे आजोबा लांब राहतात." पुढे आजोबा वारले, तरी त्याच्यासाठी ते लांबच राहत होते.

आम्ही खालांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. आम्ही रायगडातल्या म्हसळ्याचे. माझा नवरा इरफान इथं एका कंत्राटी कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर. घर बघायला गेलो त्या दिवशी दार एका उंच, गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या म्हातारीनं उघडलं. अंगात सुती झगा, डोक्याला काळा रुमाल, आणि आमच्याकडे न बघता ती एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला अस्सल हुफूफच्या बायकी अरबीत झापत होती. इरफान हळूच मला म्हणाला, "ही अरब कशी गं?" तिला ऐकू गेलं असावं. वळून इंग्रजीत म्हणाली, "मी ऑस्ट्रियाची. पण ती फार जुनी गोष्ट. पाण्याची टाकी सोमवारी भरते, नळ चालू ठेवून जायचं नाही." तिच्या ओळखीत ऑस्ट्रियापेक्षा टाकीलाच जास्त जागा होती.

गल्लीत त्यांना सगळे 'उम्म फहद' म्हणायचे, म्हणजे फहदची आई. मी खाला म्हणू लागले. आमच्याकडे मावशीला खाला म्हणतात आणि तिथंही मावशीच्या वयाच्या बाईला खालाच म्हणतात, त्यामुळे जीभ आपोआप वळली. त्यांचे यजमान डॉक्टर अब्दुल्ला तरुणपणी व्हिएन्नाला डॉक्टरकी शिकायला गेले होते. पदवी आणि बायको दोन्ही घेऊनच परत आले. मग जन्मभर त्यांनी हुफूफमध्येच लोकांची पोटं तपासली. आम्ही राहायला जाण्याच्या आधीच ते गेले. त्यांचं नाव काढलं की बाजारातले खजूरवाले आजही छातीवर हात ठेवतात.

खालांच्या काही तऱ्हा होत्या, त्या मला कुठं बसवाव्यात ते कळायचं नाही. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सगळ्या बायका लोडांना टेकून, पाय दुमडून ऐसपैस बसायच्या. खालाही जमिनीवरच बसायच्या, पण पाठ अशी ताठ की लोड आपला मागे रिकामाच. एवढ्या वर्षांत त्यांना टेकलेलं मी पाहिलं नाही. खजूर इतरांसारखा हातानं खायच्या, पण संत्रं मात्र सुरीनं सोलायच्या, आणि साल अखंड निघालं नाही तर स्वतःवरच चिडायच्या. चादर फाटली की रफू, रफू उसवलं की पुन्हा रफू. पार्सलची सुतळी गुंडाळून ठेवायच्या. गच्चीवरची टाकी स्वतः चढून धुवायच्या. आणि घरात माणसं आली की सफाईवाल्या बांगलादेशी काकांना सलाम आधी, इंजिनियर साहेबांना नंतर.

त्यांचा आवडता शब्द 'खलास'. अरबीत त्याचा अर्थ संपलं, झालं. पण हुफूफच्या सगळ्यात नामी खजुराचं नावही खलासच. नको तो विषय निघाला की खाला म्हणायच्या, "खलास," आणि खजुराची बशी पुढं सरकवायच्या. आता आपल्याला गप्प बसवलं की पाहुणचार केला, हे समोरच्याला शेवटपर्यंत कळू नये.

एकदा मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, आमच्या कोकणात बरीच घरं म्हणतात की आमचे वाडवडील अरबस्तानातून गलबतांनी आले. खालांनी हातातलं काम ठेवलं.

"किती पिढ्या झाल्या?"

"ते काही माहीत नाही."

"त्यांची नावं?"

"आजोबांच्या वडिलांपर्यंत सांगता येतील. पुढं नाही."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नसीमा, तू फार सुखी आहेस." मला रागही आला आणि काही उमजलंही नाही.

पहिला धागा लागला तो भलत्याच माणसाकडून. फहद सरकारी नोकरी सांभाळून खजुराची बाग बघतो. त्याच्या ओळखीतून एक ऑस्ट्रियन बाई बाग बघायला आली. तिचा नवरा जुबैलच्या कारखान्यात होता. बागेतून तिला चहाला घरी आणलं. आपल्या देशाची बाई भेटली म्हणून ती खुशीत होती. बोलता बोलता तिनं खालांचं माहेरचं आडनाव विचारलं. खालांनी नाइलाजानं सांगितलं. भलंमोठं आडनाव, आजही मला नीट उच्चारता येत नाही. त्यासरशी ती बाई उठून उभी राहिली, गुडघ्यात किंचित वाकली आणि एक शब्द म्हणाली. खालांचा चेहरा लालभडक झाला. जर्मनमध्ये त्या काहीतरी कडक बोलल्या. बिचारी बाई अर्धा चहा टाकून गेली.

"काय म्हणाली हो ती?" मी विचारलं.

"शिवी दिली मला."

शब्द माझ्या कानात राहिला होता, 'ग्रेफिन'. वर जाऊन मोबाइलवर शोधला. काउंटेस, म्हणजे मोठ्या सरदाराची मुलगी किंवा बायको. इरफान आल्या आल्या त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे राणी?"

"राणीच्या खाली."

"मग टाकी स्वतः कशाला धुते?"

दुसऱ्या दिवशी मी धीर करून खालांनाच विचारलं. म्हणाल्या, "आमच्या देशात हे सगळं कायद्यानं बंद आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी बंद झालं. पदवी लावली तर दंड होतो. मग जे कायद्यानं नाहीच, ते मी असेन कशी? खलास." बशी पुढं आली. मी खजूर उचलला आणि आधीपेक्षा जास्त गोंधळून वर गेले.

हे असंच चालत राहिलं असतं, पण रीमचं लग्न निघालं.

रीम म्हणजे फहदची मोठी मुलगी, रियाधच्या एका इस्पितळात फार्मासिस्ट. सुट्टीला स्वतः गाडी चालवत यायची आणि आल्या आल्या आजीच्या मांडीवर डोकं टाकायची. त्याच इस्पितळात माजिद नावाचा डॉक्टर होता, बुरैद्याचा. दोघांची पसंती होती आणि माजिदनं रीतसर घरी सांगितलं. चौकशा झाल्या. डॉक्टर अब्दुल्लांच्या घराण्याबद्दल कुणाला शंका नव्हती. गाडी अडली ती माजिदच्या आजीपाशी. उम्म सुलैमान तिचं नाव, घरात शेवटचा शब्द तिचा. तिनं एकच विचारलं, "मुलीच्या बापाचे मामा कोण?"

म्हणजे फहदचं आजोळ कोणतं. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं की डॉक्टर शिकायला गेला तेव्हा त्यानं तिकडून हॉटेलातली कुठलीशी मुलगी उचलून आणली.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या जमातीतही सोयरीक करताना मुलीच्या आईची आईसुद्धा चाळणीतून जाते. मला नवल वाटलं ते खालांचं. एका वाक्यात नातीचं लग्न जमत होतं आणि त्या ते वाक्य बोलत नव्हत्या.

रीम वर माझ्याकडे येऊन रडली. "नसीमा, तूच सांग. सगळ्या जगाला कळतंय, आजीचं घराणं मोबाइलवर दिसतंय. आजी मला म्हणते, तुझे आजोबा डॉक्टर होते एवढं पुरे नाही का? मला पुरे आहे गं! त्यांना नाही ना!" मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "मी आजीच्या बहिणीला शोधलंय. मेसेज केला. ती येतेय."

"आजीला विचारलंस?"

"नाही."

"अगं रीम!"

"आता पर्यटकांना व्हिसा मिळतो. येत्या मंगळवारी दम्मामला उतरेल."

खालांना बहीण आहे हेच मला तेव्हा कळलं. ज्या घरी मी रोज चहा प्यायचे, त्या घरातली एवढी गोष्ट मला माहीत नव्हती.

मंगळवारी मी खिडकीतच होते. खरं सांगायचं तर मोत्यांची माळ वगैरे अपेक्षित होती. फहदच्या गाडीतून एक बुटकी, जाडसर बाई उतरली. कानात ऐकण्याचं यंत्र, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात डोंगरात घालतात तसले बूट. हात तर शेतावर काम करणाऱ्या बाईसारखे खरखरीत. खाला अंगणात लिंबाला पाणी घालत होत्या. फाटकाकडे पाहिलं आणि तशाच उभ्या राहिल्या. नळीतलं पाणी त्यांच्या सपातांवरून वाहत होतं. बहिणीनं एक छोटासा शब्द उच्चारला, बहुधा लहानपणची हाक. आणि खालांच्या तोंडून निघालं, "सलाम अलैकुम."

बहिणीचं नाव लिझी. मिठी नाही, रडणं नाही. खाला आधी अडखळत जर्मन बोलायला लागल्या, वाक्याच्या मधेच अरबी शिरायची. जेवणानंतर दोघी संत्री सोलायला बसल्या. दोघींच्या सुऱ्या एकाच चालीनं फिरत होत्या, आणि लिझीचं साल मधेच तुटलं तेव्हा तीही स्वतःवर चिडली.

शुक्रवारी दुपारी बुरैद्याच्या बायका आल्या. उम्म सुलैमान म्हणजे काठी टेकत चालणारी मूठभर म्हातारी, पण नजर अशी की मी ट्रे सावरून धरला. बरोबर माजिदची आई आणि दोन काकवा. आमच्या बाजूनं नूरा, खाला, लिझी आणि मदतीला मी. रीमनं किटलीतून वेलदोड्याचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. हवापाण्याच्या, खजुराच्या गप्पा झाल्या. मग उम्म सुलैमाननं थेट लिझीकडे पाहिलं.

"बहिणी, तुमचे वडील कोण?"

लिझीला अरबी येत नव्हती. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारं माणूस एकच होतं. खालांनी तिला जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. लिझीनं कप खाली ठेवला आणि बोलायला लागली. बोलतच राहिली. सुरुवातीला शांत, मग आवाज चढला, मग फाटला. एकदा तिनं समोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. शेवटी खिशातून मोठा पुरुषी रुमाल काढून त्यात तोंड लपवलं. खाला ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. खाला अरबीत म्हणाल्या, "ती म्हणते, आमचे वडील जंगलात काम करायचे."

रीमनं डोळे मिटून घेतले.

उम्म सुलैमाननं काठी मांडीवर आडवी घेतली. "उम्म फहद, मला तुमची भाषा येत नाही. पण रडणं येतं. एवढं सांगायला कुणी असं रडत नाही."

खालांचा चेहरा तसा लाल झालेला मी दुसऱ्यांदा पाहिला. पण आवाज अगदी खालचा होता. "ठीक आहे. ऐका. माझा नवरा माझ्या वडिलांना भेटायला आला, तेव्हा त्यांनी त्याला हेच विचारलं. तू कोणाचा? अब्दुल्लानं बाप, आजा, पणजा, एका दमात सगळी नावं सांगितली. उभ्यानं. माझे वडील हसले. म्हणाले, ही कसली नावं, असं कुणीही सांगेल. मी त्याच संध्याकाळी घर सोडलं. तेव्हाच ठरवलं की हा प्रश्न मी कुणाला विचारणार नाही आणि कुणी विचारला तर उत्तर देणार नाही. आमच्या घराण्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, उम्म सुलैमान. तुम्ही खूश व्हाल. पण मी सांगणार नाही. रीम तुमच्यासमोर आहे. आवडली तर न्या. नाहीतर गहवा आमच्याकडे भरपूर आहे."

उम्म सुलैमाननं रिकामा कप हातात हलवला. आता पुरे, अशी ती खूण. कप रीमच्या हातात दिला, पण रीमच्या तोंडाकडे पाहिलं नाही. नूरानं घाईघाईनं उदाची धूपदाणी फिरवली, पाहुण्या उठल्या.

बोळात पाहुण्या अंगावर काळे अबाया चढवत होत्या, तेव्हा मी पाहिलं, नूरानं माजिदच्या आईला बाजूला घेऊन मोबाइल पुढं केला. पडद्यावर किल्ल्यासारखं प्रचंड घर होतं. चार मनोरे, मोजता येणार नाहीत इतक्या खिडक्या, पुढं तळं. "हे माझ्या सासूबाईंचं माहेर," नूरा कुजबुजली. माजिदच्या आईनं सासूला हाक मारली. उम्म सुलैमाननं फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या घरात यांना थंडी वाजत असेल." आणि काठी टेकत गेली.

पुढचे दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. रीम आजीला न भेटताच रियाधला गेली. मला दोघींचंही पटत होतं. रीमचं बघितलं की वाटायचं, म्हातारीनं आपल्या हट्टापायी पोरीचं लग्न पणाला लावलं. खालांना बघितलं की वाटायचं, या बाईकडे स्वतःचं म्हणून एवढं एकच उरलं होतं, ते तरी का द्यावं?

निघायच्या आदल्या दिवशी लिझी माझ्याकडे चहाला आली. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच, म्हणून चांगलं जमलं. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही एवढं काय बोललात?"

ती म्हणाली, "वडील कोण म्हणून विचारलं, ते सांगितलं. फार गर्विष्ठ माणूस. ही गेल्यावर त्यांनी तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. पण जेवायच्या टेबलावर तिची खुर्ची होती, तिच्यावर मरेपर्यंत कुणाला बसू दिलं नाही. पाहुणे आले, माणसं उभी राहिली, तरी नाही. मी एवढंच म्हटलं की हे तिला माहीत असायला हवं होतं. मी कळवलं नाही. मलाही बंदी होती, आणि पुढं नुसतीच सवय झाली."

म्हणजे हे खालांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या मजलिसमध्ये, सगळ्यांसमोर, आणि त्याचं भाषांतरही त्यांनाच करायचं होतं. जंगल, गाई, घोडे, लांब राहणं आणि आता ही खुर्ची. मी लिझीला विचारलं, यातलं खरं काय? ती म्हणाली, सगळंच खरं. युद्धानंतर जंगल उरलं होतं, त्यात वडील स्वतः लाकडं तोडायचे. गाई होत्या. घोडे होते, ते विकले.

मी तिला तो फोटो दाखवला. नूरानं मलाही पाठवला होता. लिझीनं चष्मा लावला, पाहिला आणि मोठ्यानं हसली. "हे? हे आमचं नाही. हे शेजारच्यांचं. आमचे चुलत नातेवाईक, सगळे मठ्ठ. आमच्या घराचं छप्पर बसलं. आता तिथं वृद्धाश्रम आहे. मी फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहते."

मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय करायचं, ते मला सुचलं नाही.

आठवड्याभरानं बुरैद्याहून होकार आला, बरोबर तिकडच्या सुक्करी खजुराची भलीमोठी पेटी. नूरा म्हणाली, फोटोचा प्रताप. फहद म्हणाला, वडिलांची पुण्याई. रीमचं म्हणणं, माजिद अडून बसला म्हणून. खालांनी पेटीतला एक खजूर खाल्ला आणि निर्णय दिला, "गोड आहे. पण आपल्यासारखा नाही." उम्म सुलैमाननं नेमकं कशावरून हो म्हटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. लग्नात ती खालांच्या शेजारी येऊन बसली, एवढं मी पाहिलं. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत. रीमनं सगळ्या बायकांच्या पाया पडल्यासारखं एकेकीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आजीपाशी ती सगळ्यात शेवटी आली, पण तिथून लवकर हलली नाही.

पुढं इरफानची बदली जुबैलला झाली आणि आम्ही हुफूफ सोडलं. खालांचे फोन यायचे, बहुतेक टाकीबद्दल. नवे भाडेकरू नळ चालू ठेवून जातात.

त्या मला शेवटच्या भेटल्या त्या दम्माम विमानतळावर. मी सुट्टी संपवून मुंबईहून येत होते. सामान घेऊन बाहेर आले तर बाकावर काळ्या अबायातली उंच बाई, पाठ ताठ. खाला! शेजारी छोटी बॅग.

"खाला, कुठं निघालात?"

"निघाले नाही. आले. लिझीकडे गेले होते." जन्मात पहिल्यांदा त्या माहेरी जाऊन आल्या होत्या. पायांकडे माझं लक्ष गेलं. सपातांमध्ये जाड लाल लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंत ओढलेले. बाहेर उन्हाचा तवा तापलेला. "लिझीनं विणले," त्या कुरकुरल्या. "तिला सांगितलं, हुफूफमध्ये हे कोण घालतं? ऐकतच नाही." पण त्यांनी ते काढले नव्हते.

"कसं वाटलं तिकडं?"

"गावातल्या बेकरीत गेले. पाव मागितला. काउंटरवर नातीच्या वयाची मुलगी होती. म्हणाली, आजी, तुम्ही आमची भाषा किती छान बोलता, अगदी जुन्या लोकांसारखी. कुठल्या तुम्ही?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, हुफूफची. तर म्हणे, ते कुठं आलं? मग मी तिला सांगायला लागले. बाग, झरे, लाल तांदूळ, टाकी कधी भरते ते. बेकरीत मागं ही रांग लागली, नसीमा! लिझी बाहेरून काचेवर टकटक करतेय, आणि मी आपली बोलतेच आहे."

सांगताना त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. तेवढ्यात फहद धापा टाकत आला, त्यानं आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मोज्यांकडे बघून तो काही विचारणार, तोच खालांनी बॅग त्याच्या हातात दिली. "यल्ला, चल," म्हणाल्या. काचेचं दार सरकलं, भट्टीसारखी हवा आत आली. काळा अबाया, खाली लाल मोजे, आणि त्या दणादणा चालत गाडीपर्यंत गेल्या. मुलगा मागं.